पासोडी आणि काचेचे कपाट

मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचे कोणतेही पुस्तक उघडले, तरी दासोपंतांविषयीच्या परिच्छेदात एक माहिती हटकून येते: अंबाजोगाईच्या या सत्पुरुषाने सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा पासोडीवर ‘पंचीकरण’ लिहिले. विद्यार्थी हे वाक्य उत्तरपत्रिकेत जसेच्या तसे उतरवतात, आम्ही त्याला गुण देतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. ओव्या सुमारे सोळाशे, विषय पंचमहाभूतांचे परस्परमिश्रण, कर्ता दत्तसंप्रदायी, काळ शके १४७३ ते १५३७, म्हणजे इ. स. १५५१ ते १६१५. एवढे सांगितले की शिक्षकाचे काम संपते. परंतु ४० फूट लांबीचे कापड ठेवायचे कोठे, आणि एखाद्याला पाहावयाचे असेल तर ते दाखवायचे कसे, हा प्रश्न बीड जिल्ह्यात वर्षानुवर्षे मराठी शिकवूनही आमच्या मनात कधी उद्भवला नव्हता. तो उद्भवला तो एका अपघाताने, आणि तोही वाङ्मयीन नव्हे.

पासोडी म्हणजे अंगावर पांघरावयाचे जाडेभरडे, दुहेरी कापड. थंडीच्या दिवसांत शेतकरी खांद्यावरून घेतो ते. अशा कापडावर एक समग्र प्रकरण लिहिण्याची कल्पना दासोपंतांना का सुचली असावी, याविषयी अनेकांनी तर्क केले आहेत. आमच्याजवळ त्यांत भर घालण्यासारखे काही नाही. ज्याने गीतेवर सव्वा लाख ओव्यांचा ‘गीतार्णव’ रचला, त्याला कागद अपुरा वाटला असेल, असे आमचे एक सहकारी विनोदाने म्हणतात. दासोपंतांना रोज एका ढब्बू पैशाची शाई लागे, अशी आख्यायिका आहेच. तर्क बाजूला ठेवले, तरी एक गोष्ट उरते. ही वस्तू एकाच वेळी ग्रंथ आहे आणि वस्त्रही आहे. ग्रंथ उघडून वाचायचा असतो, वस्त्र घडी घालून ठेवायचे असते. या दोन धर्मांचा झगडा तिच्या प्रत्येक सुरकुतीत आहे.

आता त्या अपघाताविषयी. काही वर्षांपूर्वी आमच्या विभागाला एक शोभेचे कपाट भेट मिळाले. सात फूट उंच, जेमतेम सव्वा फूट खोल, चारही बाजूंनी काच, कडांना सोनेरी पट्ट्या, माथ्यावर आतल्या बाजूस चार दिवे. मागे फळी नव्हती. तिथेही काचच होती, म्हणजे वस्तू पाठमोरी दिसावी. पाहणारा प्रत्येक जण हरखून जाई. वरच्या दोन फळ्यांवर वक्तृत्व स्पर्धांचे करंडक व ढाली मांडल्या गेल्या, कारण त्या दुरून दिसाव्यात अशी सर्वांची इच्छा होती. खालच्या फळीवर एका माजी विद्यार्थ्याच्या घराण्याने दिलेल्या तीन हस्तलिखित पोथ्या लाल रुमालांत बांधून ठेवल्या होत्या. श्रावणातल्या एका दुपारी शिपाईमामांनी पुसण्यासाठी दोन्ही दारे एकदम उघडली, आणि ते संपूर्ण कपाट एखाद्या वाकून नमस्कार करणाऱ्या माणसासारखे पुढे आले. मामांनी आणि दोन मुलांनी ते छातीवर झेलले म्हणून जीवावरचे निभावले. काचेच्या फळ्या फुटल्या, करंडकांचे कान मोडले, मामांच्या हाताला टाके पडले. पोथ्या मात्र रुमालासकट घरंगळत जमिनीवर आल्या आणि त्यांचे एक पानही दुमडले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही आमच्या ओळखीच्या एका सुतारांना बोलावले. त्यांनी कपाटाकडे न पाहता आधी फरशीकडे पाहिले, आणि आमचा हा अभ्यास तिथून सुरू झाला.

शब्दांपासून प्रारंभ करणे ही आमची व्यावसायिक सवय. वाचकांनी ती सोसावी. ‘कपाट’ हा शब्द संस्कृतात दाराच्या फळीचा वाचक आहे. बदरीनाथाचे कपाट उघडले असे आपण आजही वाचतो, तेथे तो मूळ अर्थ जिवंत आहे. मराठीत मात्र दाराने आपल्यामागच्या पोकळीलाच गिळले आणि दार असलेली वस्तू म्हणजे कपाट झाले. ‘अलमारी’ पोर्तुगीज ‘आर्मारियो’वरून आली, ‘संदूक’ अरबीतून. ‘मांदूस’ ही आपली मंजूषाच. या सर्व शब्दांत एक गोष्ट समान आहे: त्यांचा रोख झाकण्याकडे आहे. ज्यात वस्तू दिसावी म्हणूनच ठेवली जाते, अशा फर्निचरला जुन्या मराठीत स्वतंत्र नाव आम्हांला सापडले नाही. ‘शोकेस’ हाच शब्द आपण घेतला आणि तो परका आहे हेही विसरलो.

याला एक अपवाद आहे, आणि तो मोठा आहे: देव्हारा. कोरीव खांब, महिरप, वर कळस, आत चांदीचे टाक आणि समईचा उजेड. घरातील सर्वांत मौल्यवान वस्तू सर्वांत देखण्या लाकडी चौकटीत ठेवण्याची ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. पण देव्हारा बुटका असतो, आणि तो चौरंगावर तरी बसतो किंवा भिंतीतल्या कोनाड्यात तरी. त्याची बैठक त्याच्या उंचीच्या मानाने ऐसपैस असते. सुताराला गुरुत्वमध्य हा शब्द ठाऊक नसेल, पण देव हलता कामा नये हे त्याला पक्के ठाऊक होते.

जुन्या वाड्यांत वस्तू ठेवण्याच्या जागा बहुतेक भिंतीतच असत. दिव्याला देवळी, तांब्या-भांड्याला कोनाडा, आणि दागिने, कागदपत्र, औषधांच्या बाटल्या यांना फडताळ. दोन-तीन फूट जाडीच्या भिंतीत चौकट बसवून लाकडी दारे लावली की फडताळ झाले. फडताळाला पाय नसतात, म्हणून त्याचा पाय घसरत नाही. त्याची स्थिरता उसनी आहे. भिंत उभी आहे तोवर ते उभे आहे. त्याला स्वतःचे असे उभे राहणे माहीतच नाही.

हे उसनेपण किती घातक ठरू शकते, ते मराठवाड्याने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास पाहिले. गणेशविसर्जनाची रात्र नुकतीच सरत होती. किल्लारीच्या त्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली. अंबाजोगाईपासून लातूर पन्नास-साठ किलोमीटरवर, किल्लारी त्याच्याही पलीकडे. बीड जिल्ह्यात त्या पहाटे माणसे अंगणात येऊन बसली होती ती आठवण अजून ताजी आहे. भूकंपानंतर अभियंत्यांनी जी पाहणी केली, तीत एक विलक्षण गोष्ट पुन्हा पुन्हा नोंदली गेली. मातीत रचलेल्या दगडी भिंती ढासळल्या होत्या, वरची जड माळवदे माणसांवर आली होती. परंतु ज्या घरांत सागाचे खांब आणि तुळया यांची चौकट एकमेकांत नीट जखडलेली होती, तेथे पुष्कळदा भिंती पडूनही लाकडी सांगाडा उभा राहिला होता. भिंत वजनाने उभी असते, चौकट सांध्यांनी. हा फरक त्या पहाटेने शिकवला. फडताळातून स्वतंत्र कपाटाकडे जाणे म्हणजे भिंतीच्या आश्रयातून सांध्यांच्या भरवशावर येणे होय.

ग्रंथांच्या बाबतीत आपल्याकडे तिसरीच वाट होती. पोथी दोन फळ्यांत घालून रुमालात बांधायची, कागदपत्रांचे दप्तर करायचे. पुण्याच्या पेशवे दप्तरातील लक्षावधी कागद शतकभर अशा रुमालांतच राहिले. बासन पडले तर आपटत नाही, त्याला टोक नाही, ठिसूळपणा नाही. त्यात प्रकाश शिरत नाही. वर्षातून एखाद्या दिवशी ते सोडायचे, ऊन द्यायचे, दर्शन घ्यायचे, पुन्हा बांधायचे. राखणे हा नियम आणि दाखवणे हा उत्सव, अशी ही व्यवस्था होती. आमच्या तीन पोथ्या वाचल्या त्या या व्यवस्थेमुळे. त्या ज्या कपाटात होत्या त्याचे श्रेय त्यात शून्य.

काचेच्या कपाटाने हा क्रम उलटा केला. दाखवणे नियम झाला. याला अर्थातच काच स्वस्त व्हावी लागली. इंग्लंडात १८४५ मध्ये काचेवरील अबकारी कर उठला, आणि अवघ्या सहा वर्षांनी, १८५१ च्या महाप्रदर्शनासाठी लंडनमध्ये लोखंड आणि काच यांचा एक प्रचंड महालच उभा राहिला. तेथे सर्वांत गर्दी होती ती लाहोरहून आणलेल्या कोहिनूरभोवती. चब या तिजोऱ्या बनवणाऱ्या कंपनीने त्यासाठी पिंजऱ्यासारखी सोनेरी, लोखंडी गजांची पेटी केली होती. रात्री हिरा यंत्राने खालच्या तिजोरीत उतरत असे. पेटीची इतकी कौतुके झाली, आणि लोकांची निराशा झाली ती हिऱ्यामुळे. तो चमकेचना. मग वर दिवे लावावे लागले. श्रीमंती प्रदर्शनपेटीचा सगळा स्वभाव या एका प्रसंगात आला आहे, असे आम्हांला वाटते. जिंकून आणलेली वस्तू, तिच्याभोवती बळकटीचे नाटक, आणि कमी पडलेला उजेड.

मुंबईत हा प्रकार १८७२ मध्ये भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून आला. त्यालाच १९७५ पासून भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे. २००८ मध्ये जीर्णोद्धारानंतर ते पुन्हा उघडले, तेव्हा तेथील जुनी लाकूड-काचेची कपाटेही दुरुस्त होऊन आपापल्या जागी उभी राहिली. मराठीच्या विद्यार्थ्यांना सहलीला नेले तर आतल्या वस्तूंइतकेच या कपाटांकडे पाहावे, असे आम्ही सुचवू. खालचा भाग भरीव लाकडाचा, रुंद; वरचा भाग काचेचा, त्यामानाने हलका. पाय जाड. एकोणिसाव्या शतकातील मुंबईचे शिसवी फर्निचरही असेच: कोरीवकामाने गजबजलेले, आणि उचलायला चार माणसे लागावीत इतके जड. आज आपण त्याला बोजड म्हणतो. पण ते पुढे वाकत नसे.

बीडकरांना मात्र मुंबई दूरची. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि ऐश्वर्य पाहायचे तर हैदराबाद. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे कपड्यांचे कपाट पुरानी हवेलीत अजून आहे: बर्मी सागाचे, दोन मजली, दालनाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन्ही बाजूंनी गेलेले, वर चढायला हाताने फिरवायचा पाळणा. एकदा घातलेला पोशाख ते पुन्हा घालीत नसत अशी दंतकथा आहे. आम्हांला त्या दंतकथेपेक्षा त्याची रचना अधिक बोलकी वाटली. ते इतके उंच असूनही डगमगत नाही, कारण ते कपाट राहिलेलेच नाही. खोलीचा सांगाडाच कपाट झाला आहे. फडताळाचे उसनेपण आणि चौकटीचे स्वावलंबन यांची तेथे गाठ पडली आहे. ज्यांच्या सारावसुलीतून ते उभे राहिले, त्यांच्यात आमच्या जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकरीही होते, ही गोष्ट त्या दालनात उभे असताना आमच्या मनातून गेली नाही. सालारजंग संग्रहालय १९५१ मध्ये दिवाण देवडीत उघडले आणि १९६८ मध्ये मुसीकाठच्या सध्याच्या इमारतीत आले. मराठवाड्यातील कित्येकांनी आयुष्यातले पहिले काचेचे मोठे कपाट तेथेच पाहिले असेल.

आता आमच्या सुतारांनी फरशीकडे का पाहिले, त्याकडे येऊ. आमच्याकडची शाहाबादी फरशी धुण्याचे पाणी वाहून जावे म्हणून दाराकडे किंचित उतरती घातलेली असते. साठ इंचांस एक इंच एवढा उतार डोळ्यांना कळतही नाही, पण सात फुटी कपाटाचा माथा त्यामुळे जवळजवळ दीड इंच पुढे येतो. उभी वस्तू केव्हा पडते, याचे उत्तर शाळेत आपण सर्वांनी पाठ केलेले आहे: गुरुत्वमध्यातून काढलेली उभी रेषा पायाच्या बाहेर गेली की. सहा फूट उंच व १५ इंच खोल कपाटात सर्वत्र सारखे वजन असेल तर गुरुत्वमध्य तीन फुटांवर येतो, आणि ते सुमारे १२ अंश कलले की कोसळते. जड वस्तू तळाशी ठेवून तोच मध्य दोन फुटांवर आणला तर १७ अंशांपर्यंत निभते. वरच्या फळीवर पितळी करंडक मांडून तो चार फुटांवर नेला तर ९ अंश पुरेसे होतात. आम्ही नेमके तेच केले होते. दिसावे म्हणून वर ठेवले, आणि वर ठेवले म्हणून पडले.

दारांचा हिशेब याहून वाईट. एक मिलिमीटर जाडीच्या काचेचे वजन दर चौरस मीटरला अडीच किलो. सहा मिलिमीटरचे १५ किलो. दोन फूट रुंद व पाच फूट उंच अशा एका दाराची काच १४ किलो भरते, दोन्हींची २८. दारे पूर्ण उघडली की हे वजन कपाटाच्या पुढच्या कडेपासून एक फूट बाहेर लोंबकळते. त्याला तोलायला उरलेले कपाट रिकामेपणीही ४५ किलोंहून जड हवे, आणि फरशी सपाट हवी. आमच्याकडे सपाट फरशी नव्हती, आणि कपाट जड दिसले तरी पोकळ पट्ट्यांचे होते. दोन्ही दारे एकदम उघडणे हा मामांचा दोष मुळीच नव्हता. तरी काही दिवस बोलणी त्यांनीच खाल्ली, हे येथे लिहून ठेवणे आम्हांला आवश्यक वाटते.

पाठीच्या फळीचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. चार काठ्यांची चौकट खिळ्यांनी जोडली आणि एका कोपऱ्यातून दाबली, तर ती चौकोनाची समांतरभुज होते. तिच्यावर एक तिरपी पट्टी किंवा एक सलग फळी ठोकली की ताठ राहते. जुन्या कपाटांत हे काम निमूटपणे पाठीची फळी करी. तिच्याकडे कोणी पाहत नसे, आणि तिने पाहण्यासारखे असावे अशी अपेक्षाही नव्हती. श्रीमंती कपाटाची हौस अशी की काहीच आधार दिसू नये. वस्तू हवेत तरंगावी. मग पाठ काढून काच लावतात. आता डोलणे थोपवायचे तर ते काम कोपऱ्यांवर येते: जाड कूस, खोल खोबण, आतून लपवलेले पोलादी कोन. हे सर्व करता येते, उत्तम कारागीर ते करतात, आणि त्याचे मोल द्यावे लागते. अदृश्य आधार हा दृश्य आधारापेक्षा नेहमीच महाग असतो. स्वस्तात ऐट हवी असेल तर आधार लपवला जात नाही, गाळला जातो. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, हीच त्यातली फसगत. गद्यशैलीविषयीही आम्ही वर्गात हेच बोलत असतो. पण तो विषय येथे नको.

फळीच्या बाकाविषयी थोडे. सारख्या पसरलेल्या भाराखाली फळी किती लवते ते तिच्या लांबीच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. म्हणजे दोन टेकूंमधले अंतर दुप्पट केले तर लवण सोळापट. उलट जाडी दुप्पट केली तर ती आठव्या हिश्शावर येते. लाकूड वर्षानुवर्षे हळूहळू लवत राहते, त्यामुळे ते आधी सांगते आणि मग मोडते. काच सांगत नाही. जुन्या खिडक्यांची काच ओघळून खाली जाड होते ही समजूत निराधार आहे. नेहमीच्या तापमानाला काच वाहत नाही, ती शेवटच्या क्षणापर्यंत सरळ राहते आणि मग एकदम जाते. तापवून झपाट्याने थंड केलेली कडक काच फुटली तर तिचे बोथट दाणे होतात. दोन काचांमध्ये चिवट पापुद्रा घातलेली काच तडकूनही जागेवर राहते. ती फ्रान्समध्ये एदुआर बेनेदिक्तुस याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात शोधली. आमच्या कपाटात यांपैकी काही नव्हते. मामांचे टाके त्यामुळेच.

काचेचा विषय निघाला की तळेगावचा पैसा फंड कारखाना (१९०८) आणि ओगलेवाडी (१९१६) आठवावीतच. लोकांच्या एकेक पैशातून स्वदेशी काच काढण्याचे ते स्वप्न होते, आणि ओगल्यांच्या प्रभाकर कंदिलाने मराठी खेड्यांत कित्येक पिढ्यांना अभ्यासाला बसवले. गंमत अशी की स्वदेशी काच आपल्या घरात आली ती उजेड धरायला; वस्तू मांडायला नव्हे. आणि वस्तू सुरक्षित ठेवायला जे कपाट घरोघर आले, ते १९२३ पासून गोदरेजने काढलेले पोलादी कपाट, ज्यातून काहीच दिसत नाही.

कपाट स्थिर असले म्हणजे आतली वस्तू स्थिर असते असेही नाही. लाकूड आम्लाची वाफ सोडते; बंद पेटीत ती कोंडते. शंखशिंपल्यांच्या संग्रहातील पांढरी बुरशीसारखी पूड लॉफ्टस बाइन याने १८९९ मध्ये वर्णिली, पण तिचे मूळ कपाटाच्या लाकडातच आहे हे त्याला उमगले नव्हते. ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडी याने १९७३ मध्ये एक साधी चाचणी सुचवली: कपाटात वापरायचे साहित्य चांदी, शिसे व तांबे यांच्या पट्ट्यांसह बंद काचपात्रात ६० अंश तापमानाला २८ दिवस ठेवायचे आणि पट्ट्या काळवंडतात का ते पाहायचे. त्यात उजेडाची भर. जुन्या कापडाला आणि शाईला ५० लक्सपेक्षा अधिक प्रकाश नको, असा संग्रहालयांचा संकेत आहे. आमच्या कपाटातील चार दिवे याच्या कितीतरी पट असणार. आणि मराठवाड्याची हवा: मे महिन्यात पारा ४२ अंशांवर आणि लाकूड तडकेल असा कोरडेपणा, जुलैत तीच दारे फुगून अडकलेली. सुतार फळीला चौकटीच्या खोबणीत सैल बसवतात, डिंक लावत नाहीत, ते तिला हा श्वास घेता यावा म्हणूनच.

मग पासोडीचे काय करावे? एकदा आम्ही कागद घेऊन बसलो. ४० फूट लांब, ४ फूट रुंद आडवी पेटी. वरच्या काचेचे क्षेत्रफळ १६० चौरस फूट, म्हणजे सुमारे १५ चौरस मीटर. दहा मिलिमीटर जाडी धरली तर नुसत्या काचेचे वजन ३७० किलोंच्या घरात. ती सलग असू शकत नाही, म्हणून दर चार फुटांवर सांधा आणि त्याखाली टेकू. म्हणजे मजकुरावर नऊ ठिकाणी पट्टीची सावली. पेटी उभी केली तर? कापड वरच्या कडेने टांगले जाईल आणि त्याचे सर्व वजन वरच्या काही धाग्यांवर येईल. फ्रान्समधील बायो येथील अकराव्या शतकातील सुमारे ७० मीटर लांबीची भरतकामाची पट्टी १९८३ पासून २०२५ पर्यंत अशीच उभी टांगलेली होती. तिला त्याचा ताण बसला, आणि आता नव्या मांडणीत तिला तिरप्या आधारावर टेकवायचे ठरले आहे. ती तर जेमतेम अर्धा मीटर रुंद. पासोडी सव्वा मीटर.

घडी घातली तर घडीच्या रेषेवर शाई आणि सूत दोन्ही झिजतात. गुंडाळली तर त्यातल्या त्यात बरे, रुंद नळीवर, आम्लरहित कागद मध्ये घालून. पण मग ती दिसत नाही. आमच्यात यावर एकमत झाले नाही. एका सहकाऱ्याचे म्हणणे असे की जे दिसत नाही ते लोक विसरतात, आणि विसरलेल्या वस्तूला वाळवी आधी लागते. तेव्हा लांबलचक पेटी करा, खर्च शासनाने करावा. दुसऱ्यांचे म्हणणे की तीन-चार फुटांचाच भाग एका वेळी दाखवावा, दोन नळ्यांवर, दर तीन महिन्यांनी पुढे सरकवत. अख्खी पासोडी एकदा पाहायला साधारण तीन वर्षे लागतील. लिहिणाऱ्याला लागला असेल तितका वेळ पाहणाऱ्यानेही द्यावा, असा त्यांचा युक्तिवाद. आम्ही या दुसऱ्या बाजूचे आहोत. पंचीकरणाचे गणित असे की प्रत्येक स्थूल भूतात अर्धा भाग स्वतःचा आणि उरलेल्या चौघांचा प्रत्येकी अष्टमांश. पेटीतही लाकूड, काच, हवा, उजेड यांनी आपापला अष्टमांशच घ्यावा आणि अर्धी जागा वस्तूची असावी. हा शब्दच्छल आहे, हे आम्हांस कबूल आहे.

आमच्या कपाटाचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. सुतारांनी पाठीची काच काढून सागाची फळी लावली, माथ्याजवळून भिंतीत दोन पोलादी पट्ट्या ठोकल्या, काचेच्या फळ्यांखाली मधोमध एकेक टेकू दिला, आणि वरचे दिवे काढून टाकले. करंडक खालच्या फळीवर आले. कपाट पूर्वीपेक्षा बरेच कुरूप दिसते, हे खरे. पोथ्या ग्रंथालयातील पोलादी कपाटात गेल्या. दरवर्षी मराठी भाषा गौरव दिनी त्यांचे रुमाल सोडतो आणि संध्याकाळी पुन्हा बांधतो. जाताना सुतारांनी पुढच्या दोन पायांखाली बाभळीच्या दोन पाचरी सारल्या, ओळंबा धरला, एक पाचर अर्धे सूत मागे घेतली आणि मामांना दोन्ही दारे एकदम उघडायला सांगितली.